जुन्या लुगड्या-साड्यांचं वेणीचं बसकर: काय फाडायचं, काय राखायचं आणि ते सपाट का बसत नाही

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. घरात गाठोडं आहे: आजीची नऊवारी लुगडी, आईच्या सुती सहावारी, वडिलांचे टेरीकॉटचे शर्ट, मुलांची दुपटी-झबली आणि शिंप्याकडची कात्रणं. त्याच्या पट्ट्या फाडून, वेण्या घालून आणि त्या चक्राकार गुंडाळत जोडून बैठकीत अंथरायला काहीतरी करायचंय. व्हिडिओ बघून केलेलं पहिलं गोल मधे खोलगट झालं आणि त्याच्या कडा उचलल्या. आणि सासूबाईंचं म्हणणं, आईच्या साडीवर पाय कसला देता, त्यापेक्षा गोधडी शिवा.

सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण निम्मं उत्तर त्यांच्या बोलण्यातच आहे. पायपुसणं करायचं की बसकर, हे कात्री हातात घेण्याआधी ठरवा. ज्यांना माणसाच्या कपड्यावर पाय द्यायला जड जातं त्यांनी दाराशी पडणारी वस्तू करूच नये. उगीच मन खात राहतं आणि शेवटी ती कपाटात जाते. जेवायला किंवा पूजेला बसायचं आसन, झोपाळ्यावरची बैठक, खिडकीच्या कट्ट्यावरचं बसकर असं काही केलं तर प्रश्नच मिटतो. मापही लहान असल्यामुळे पहिलीच वस्तू पुरी होते. पायपुसण्यासाठी जुन्या चादरी नि परकर आहेतच.

गोधडीबद्दल त्या म्हणतात ते काही कापडांच्या बाबतीत अगदी खरं आहे. गोधडीत कापड अखंड राहतं. आईच्या साडीची बुट्टी, काठ, पदर, सगळं दिसतं. वेणीत नक्षी मरते आणि रंग तेवढा उरतो. चार पदरी दुमडून पिळलेल्या पट्टीत फुलांचं छापील कापड नुसतं ठिपक्यांचं दिसतं. म्हणून जे कापड तुम्हाला नक्षीमुळे आठवतं ते वेणीला देऊ नका. बाळाच्या झबल्यावरचा हत्ती वेणीत गेला की परत कुणाला दिसणार नाही. अशा कपड्यांचे चौकोन कापून गोधडीच्या वरच्या थरासाठी बाजूला ठेवा. जे रंगामुळे आठवतं, म्हणजे आईची ती गडद मोरपिशी साडी किंवा आजीचं कुसुंबी लुगडं, ते वेणीत फार छान दिसतं.

आता मुख्य मुद्दा. गाठोडं सोडलं की आपण माणसांप्रमाणे ढीग करतो: हा आजीचा, हा आईचा, हा बाबांचा. मन भरेपर्यंत खुशाल करा, पण नंतर ते ढीग मोडा आणि कापडाप्रमाणे परत लावा. वेणीला कपडा कुणाचा होता याच्याशी देणंघेणं नसतं. तिला तीन पेड सारख्या जाडीचे आणि सारख्या ताकदीचे लागतात. एक पेड मऊ विरलेल्या लुगड्याचा, दुसरा टेरीकॉटचा आणि तिसरा बनियनच्या होजिअरीचा घेतलात, तर होजिअरी ताणली जाऊन बारीक होते, टेरीकॉट ताठ उभा राहतो आणि मधलं लुगडं दोघांत घासून वर्षभरात फाटतं. अशी वेणी हातात असतानाच वळते आणि मग आपण शिवणीला दोष देतो.

कापड ओळखायला कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख पडते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि टोकाला कडक मणी राहतो. टेरीकॉटमध्ये सुती आणि पॉलिस्टर दोन्हींची लक्षणं थोडी थोडी दिसतात. माझा सल्ला: पहिल्या बसकराला फक्त सुती. परकराचं पॉपलीन, धोतर, जुन्या सुती चादरी, सुती साड्या, टू बाय टूचे ब्लाऊज पीस, मांजरपाट. वडिलांचे टेरीकॉटचे शर्ट निराळे ठेवा. त्यांचं त्यांचं एक छोटं बसकर उत्तम होतं, रंगही उडत नाही. होजिअरीचंही तसंच, ती तिच्याच जातीत बरी. टॉवेल आणि सोलापुरी चादरी वेणीला फार जाड पडतात. त्या जशा आहेत तशाच वापरा.

विरलेलं कापड ओळखणं याहून महत्त्वाचं आहे. लुगडं बसण्याच्या जागी आणि काष्ट्याच्या ओढीला आधी विरतं, शिवाय वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेलं कापड घडीच्या रेघेवर कुजतं. दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड जोरात ताणा. चर्र आवाज आला किंवा धागे सरकून जाळी दिसली तर तो भाग पट्टीला चालणार नाही. आजीच्या लुगड्याला दंड घातलेला असेल, म्हणजे विरलेला भाग काढून दोन तुकडे जोडलेले असतील, तर ती शिवण आधी उसवा, कारण दंडाच्या दोन बाजूंचं कापड बरेचदा सारख्या ताकदीचं नसतं. मग विरलेल्या तुकड्यांचं काय? ते फेकू नका, बोहारणीलाही देऊ नका. पॉपलीनच्या पट्टीच्या घडीत आत ते भरता येतात. बाहेरून पॉपलीन दिसतं, आत आजीचं लुगडं असतं, आणि वेणीला छान भरीव गोलाई येते. ज्यांना पाय देण्याचा संकोच वाटतो त्यांनाही ही युक्ती बहुधा पटते.

जरीला हात लावताना जरा थांबा. जुन्या पैठणी-शालूच्या जरीत खरी चांदी असते आणि अशा साड्या फाडायच्या नसतात, मग त्या कितीही फाटक्या असोत. त्यांचे काठ-पदर काढून उशीच्या अभ्र्याला किंवा चौकटीत लावा. साध्या सुती साडीच्या काठाला असलेली हलकी जरसुद्धा वेणीत नको. ती टोचते आणि शेजारच्या पेडाला कापत राहते. इरकली लुगड्याचे रुंद काठ हा निराळा विषय: ते जाड आणि घट्ट विणीचे असतात, पट्टी फाडताना तिथे फाडणं अडतं. काठ कात्रीने आधी सुटे करा आणि सगळ्यांत बाहेरच्या फेऱ्याला वापरा. बाहेरची कड सर्वांत जास्त झिजते, तिथे हे कापड शोभतं आणि टिकतंही.

फाडण्याआधी सगळं धुवा, जुनं असलं तरी. लाल, जांभळा आणि काळा रंग वीस वर्षांनंतरही सुटतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सगळ्याजणी सांगतात, पण एकदा रंगवलेल्या कापडाला मीठ काही करत नाही. सुटणारा रंग आधीच सुटू द्यायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत कोमट पाण्यात काढत राहायचं. तरीही सुटत असेल तर त्या कापडाला फिक्या रंगाच्या शेजारी बसवू नका. आणि खळ अजिबात नको, खळीच्या कापडाला कसर लागते.

पट्ट्या लांबीतून काढा, रुंदीतून नव्हे. साडे पाच मीटरच्या साडीची उभी पट्टी साडे पाच मीटरची निघते, नऊवारीची आठ मीटरच्या वर. जोड कमी येतात आणि ताण्याचे मजबूत धागे लांबीला मिळतात. टोकाला छोटी खाच देऊन फाडलं की कापड आपल्या धाग्याने सरळ जातं, कात्रीने इतकं सरळ कुणालाच जमत नाही. टेरीकॉट मात्र इतकं सहज फाटत नाही, ते कापलेलं बरं. फाडताना बारीक तूस फार उडतो. गॅलरीत बसा आणि नाकाला फडकं बांधा. दम्याच्या माणसाने हे काम दुसऱ्याला द्यावं.

पट्टी किती रुंद? इथेच बहुतेक व्हिडिओ फसवतात. वेण्यांचे हे गालिचे अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात घरोघर होत आले, तेही जुन्या लोकरी कोटांचे आणि ब्लँकेटांचे. त्यांची मापं जाड लोकरीची असतात. आपल्या पातळ साडीला तेच माप लावलं तर वेणी दोरीसारखी बारीक येते. पॉपलीन किंवा शर्टाच्या कापडाची पट्टी ६ ते ७ सेंटिमीटर घ्या, पातळ साडीची १० ते १२. तंतोतंत आकड्याला महत्त्व नाही. चार पदरी घडी घातल्यावर तिन्ही पट्ट्या बोटांत सारख्या जाड लागल्या पाहिजेत. घडी अशी: दोन्ही कडा आत मधोमध आणायच्या, मग पुन्हा अर्ध्यात दुमडायचं, म्हणजे सुटे धागे आत जातात. दर वेळी मीटरभर इस्त्री करत गेलात तर पहिल्या कामाला सोपं जाईल. पुढे बोटंच आपोआप दुमडत जातात. दुमडीचं उघडं तोंड तिन्ही पेडांत एकाच बाजूला ठेवा.

किती कापड लागेल ते आधी काढता येतं आणि घरच्या कपड्यांच्या बाबतीत काढलंच पाहिजे, कारण आईची साडी संपली की दुकानात दुसरी मिळणार नाही. एक मीटरच्या तीन पट्ट्यांची वेणी घालून बघा, ती साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर भरते. समजा वेणी अडीच सेंटिमीटर रुंद झाली आणि तुम्हाला ९० बाय ६० सेंटिमीटरचं लंबगोल हवंय. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ४,६०० चौरस सेंटिमीटर. त्याला अडीचने भागलं की वेणी लागणार साधारण साडे अठरा मीटर, आणि तिन्ही पेड मिळून पट्ट्या ७५ ते ८५ मीटर. एका सहावारीतून १० सेंटिमीटरच्या जवळजवळ ६० मीटर पट्ट्या निघतात. म्हणजे दीड साडी, सांडलवंड धरून दोन. लोक दहा साड्या फाडून बसतात आणि मग घरभर पट्ट्यांचे गुंडे पडतात, तसं करू नका. आधी हिशेब, मग फाडणं.

रंगांची मांडणी एका साध्या युक्तीने सांभाळते: तिन्हींतला एक पेड सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच गडद रंगाचा ठेवा. रंग न सुटणारा काळा, जांभळा किंवा गडद निळा परकर याला नामी. बाकीचे दोन पेड आईचे, आजीचे, कुणाचेही, बदलत जाऊ देत. तो एक पेड सगळ्यांना बांधून ठेवतो आणि चिंध्यांची गर्दी दिसत नाही. रंग बदलायचा तर एका वेळी एकाच पेडाचा आणि वळणावर. सरळ बाजूला बदललेला रंग उगीच डोळ्यांत येतो.

पट्टीला पट्टी जोडताना भोक पाडून ओवायची पद्धत झटपट आहे, पण तिथे गाठ येते आणि ती बसताना लागते. दोन टोकं काटकोनात एकमेकांवर ठेवा, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी शिवण घाला आणि वरचा त्रिकोण कापून टाका. जाडी तिरकी पसरते, जोड हाताला लागत नाही. तिन्ही पेडांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नका. पट्ट्या लांब असतील तर प्रत्येकीचा गुंडा करून त्याला कपड्याचा चिमटा लावा, नाहीतर खालचे शेपटे एकमेकांत अडकून वेणीपेक्षा गुंता सोडवण्यातच दुपार जाते.

सुरुवात गाठीने नको. दोन पट्ट्या तिरक्या शिवणीने जोडून एक सलग करा, तिच्या मध्यावर तिसरी दुमडीत घालून टाका मारा आणि तिथून तीनपेडी वेणी सुरू करा. टोक खिडकीच्या गजाला बांधा. पेड खाली ओढायचे नाहीत, बाजूला ओढायचे. खाली ओढले की वेणी लांबट आणि पोकळ होते. वेणीच्या पेडांतून करंगळी आरपार जात असेल तर ती सैल आहे. आणि रागाच्या भरात किंवा गप्पांच्या नादात वेणी घालू नका, ताण बदललेला नंतर स्पष्ट दिसतो.

आता तुमच्या खोलगट गोलाकडे. वेणी किती घट्ट होती याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. दोष जोडणीत आहे. चक्राकार फिरणारा प्रत्येक नवा फेरा आतल्या फेऱ्यापेक्षा लांब असतो, आणि किती लांब हे ठरलेलं असतं: वेणीच्या रुंदीच्या सव्वासहा पट. अडीच सेंटिमीटरच्या वेणीला प्रत्येक फेऱ्यात सुमारे १६ सेंटिमीटर वेणी जादा लागते, मग तो तिसरा फेरा असो की पंधरावा. ही जादा वेणी तुम्ही दिली नाहीत, म्हणजे नवी वेणी ताणून जोडलीत, तर मध्य खाली बसून कडा वर येतात. जास्त दिलीत तर झालर पडते. क्रोशाचा गोल रुमाल विणणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, तिथे दर फेरीला टाके वाढवतात तेच हे.

हे वाढवणं जोडताना असं करायचं. जाड सुती दोरा दुहेरी घ्या, मेणावरून ओढा, बोथट मोठ्या सुईत ओवा. सुई कापडातून नाही, वेणीच्या पेडांच्या फटीतून जाते: एकदा आतल्या फेऱ्याच्या पेडाखालून, एकदा नव्या वेणीच्या पेडाखालून, असं आळीपाळीने. दोरा ओढला की तो दोन्ही वेण्यांच्या मधे लपतो, वस्तू दोन्ही बाजूंनी वापरता येते आणि चुकलं तर न फाडता उसवता येतं. सरळ भागात पेडाला पेड. वळणावर आतला एकही पेड सोडायचा नाही, पण नव्या वेणीचा मधूनच एक पेड सोडून पुढचा घ्यायचा. अडीच सेंटिमीटरच्या वेणीला गोलात दर फेऱ्याला असे साधारण सहा पेड सुटतात; लंबगोलात प्रत्येक टोकाला तीन आणि लांब बाजूंना एकही नाही. मागच्या फेऱ्यात जिथे सोडला त्याच्याच समोर पुढच्या फेऱ्यात सोडू नका, नाहीतर गोलाला कोपरे फुटून षट्कोन होतो.

पहिल्या एकदोन फेऱ्यांत वळण इतकं आवळ असतं की पेड सोडून भागत नाही, वेणीच वळवावी लागते. डावा पेड मधल्यावर आणा, मग डावीकडे जो आला तोही लगेच मधल्यावर आणा, आणि नंतर उजवा घट्ट ओढून घ्या. वेणी जागच्या जागी वळते. लंबगोलाच्या मधल्या वेणीची लांबी म्हणजे हव्या असलेल्या लांबीतून रुंदी वजा. ९० बाय ६० ला ३० सेंटिमीटर. पहिल्यांदा करणाऱ्यांना मी गोलापेक्षा लंबगोलच करायला सांगते. सरळ बाजू असल्यामुळे मोजदाद सोपी जाते आणि आपल्या खोल्यांतही तेच बरं बसतं.

एक गोष्ट व्हिडिओत कुणी बोलत नाही: जोडणी मांडीवर घेऊन करायची नाही. मांडीला गोलाई आहे, तिच्यावर जोडलेलं तसंच वळतं. टेबलावर किंवा सरळ फरशीवर सपाट ठेवूनच सुई चालवा आणि दर फेऱ्यानंतर तळवा फिरवून बघा. उचलायला लागलं असं वाटलं तर तेवढाच फेरा उसवा. तुमचं खोलगट झालेलं गोलही टाकू नका. जिथून उचलायला लागलं तिथपर्यंत उसवून परत जोडलं की ते सपाट होईल, वेणी तीच राहील. फरक अगदी थोडा असेल तर ओलं फडकं घालून गरम इस्त्री आणि वर रात्रभर वजन एवढ्यानेही बसतं.

शिलाई मशिनवर झिगझॅग टाक्याने जोडणी होते आणि लवकरही होते. पण चारपदरी तीन पेड म्हणजे भलती जाडी. घरगुती मशीन १८ नंबरच्या सुईनेही अडतं, आणि उसवायची वेळ आली तर कापडाला जखमा होतात. परक्या कापडाचं पायपुसणं असेल तर खुशाल मशीन. आईच्या साडीला हातच.

शेवट करताना साधारण २० सेंटिमीटर उरले की तिन्ही पट्ट्या हळूहळू अरुंद करत कापा, वेणी निमुळती होईल. ती शेजारच्या फेऱ्यात मिसळून जोडा आणि टोकं पेडांखाली सारून पक्का टाका घाला. हा शेवट वळणावर आला तर दिसतही नाही.

वापराबद्दल दोनच गोष्टी. गुळगुळीत फरशीवर हे सरकतं आणि याची कड जाड असते. घरात म्हातारं माणूस असेल तर खाली रबरी जाळी घातल्याशिवाय जमिनीवर अंथरू नका. आणि न्हाणीघराच्या दाराशी हे नकोच: सुती वेणी भरपूर पाणी धरते, पावसाळ्यात, कोकणात तर विशेष, चार चार दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरते. धुवायचं उन्हाळ्यात, बादलीत हाताने दाबून, पिळायचं नाही. दोरीवर टाकलं तर ओल्या वजनाने लंबगोलाचा आकार ओघळतो, म्हणून खाटेवर आडवं पसरून वाळवा, मधे एकदा उलटा.

फाडलेल्या प्रत्येक रंगाच्या एकदोन पट्ट्या वेणीत न घालता गुंडाळून ठेवा, त्याच वेळी आणि त्याच गाठोड्यात. बाहेरचा फेरा आधी झिजतो. तेवढाच उसवायचा, ठेवलेल्या पट्ट्यांची नवी वेणी घालायची आणि जुन्याच खुणांवरून जोडायची.